लावणीच्या दिवसांत, तायबरच्या खोऱ्यात

जुलै १९४४चा पहिला पंधरवडा. कर्जत आणि खालापूरच्या खाचरांत लावणी जोरात आहे. आषाढी एकादशी होऊन गेली आहे, उल्हास आणि पाताळगंगा दुथडी वाहत आहेत, आणि घरातलं लहानथोर माणूस चिखलात उभं आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मात्र या वर्षी एक गडी कमी आहे. तो मध्य इटलीत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एका टेकडीवर बंदूक घेऊन बसला आहे.

कुलाबा म्हणजे आजचा रायगड. मराठा पलटणींच्या भरतीचा हा जुना मुलूख. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत लढली होती आणि आता दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत होती. २० जूनला पेरुजिया शहर पडलं होतं. जर्मन फौज एकेक टेकडी झुंजवत उत्तरेकडे हटत होती, आणि मराठे तिच्या मागे एकेक टेकडी चढत होते. त्यातल्याच एका शिपायाचा हा दिवस. त्याला मी नाव देत नाही. खालापूरकडच्या ज्या ज्या घरातून मुलगा बेळगावला भरती झाला आणि तिथून बोटीने परमुलखात गेला, त्या प्रत्येक घराचा तो आहे. आजचा दिवस चढाईचा नाही, घेतलेली टेकडी धरून ठेवण्याचा आहे. लढाईतले बरेच दिवस असेच असतात.

पहाटे साडेचार

शेजारच्या गड्याने खांदा हलवला की उठायचं. हाक मारायची नाही. उजाडण्याआधी सगळी पलटण हत्यार घेऊन आपापल्या जागी उभी राहते, त्याला ‘स्टँड टू’ म्हणतात. शत्रूचा हल्ला बहुधा पहाटेच्या किंवा सांजेच्या अंधुक उजेडात येतो, म्हणून रोज दोनदा हा पहारा. जमीन इतकी खडकाळ की छातीएवढा खंदक खणता येत नाही. दगडावर दगड रचून कमरेएवढा आडोसा केलेला असतो, त्याला फौजेत ‘संगर’ म्हणतात. त्याच्या आड गुडघे टेकून तो समोरच्या उतारावर नजर ठेवतो. ऑलिव्हची झाडं अंधारात माणसांसारखी दिसतात, म्हणून प्रत्येक झाड कालच मोजून ठेवलेलं. एखादं जास्त भरलं तर ते झाड नाही.

सूर्याच्या हिशेबाने घर चार तास पुढे आहे. इथे फटफटतं तेव्हा तिकडे चांगला दिवस वर आलेला असतो. भाकरी-चटणी खाऊन माणसं बैल घेऊन शेतावर गेलेली असतात. या वेळी घरी काय चाललं असेल हे त्याला आठवावं लागत नाही. त्याचं अंगच त्या वेळापत्रकात वाढलं आहे.

सकाळी साडेसहा

उजाडलं, पहारा सुटला. मागच्या उतारावरून लंगरातला चहा येतो, डब्यातल्या दुधाचा आणि भरपूर साखरेचा. चहाबरोबर मेपाक्रिनची पिवळी गोळी. नदीकाठच्या सखल भागात हिवतापाचे डास आहेत आणि पलटणीतले गडी बंदुकीच्या गोळीपेक्षा तापाने जास्त कमी होतात, हे साहेबांना ठाऊक आहे. म्हणून हवालदार समोर उभा राहून प्रत्येकाला ती कडू गोळी गिळायला लावतो. मग मगभर पाण्यात तोंड धुणं आणि दाढी.

त्या घटकेला खालापूरच्या खाचरात चिखलणी चालू असते. बापूस नांगराच्या मागे, आई आणि वहिनी डोक्यावर इरलं घेऊन रोपं उपटतात. मूठभर रोपांची जुडी बांधायची, मागे टाकायची, पुढे सरकायचं. चैत्रात राब भाजला तेव्हापासून या चार आठवड्यांसाठी सगळं घर राबलेलं असतं. पाऊस ताण देण्याआधी लावणी उरकायची असते, आणि एक गडी कमी पडला की दुसऱ्याच्या शेतात हात लावून त्याचे हात आपल्या शेतात आणावे लागतात. पलटणीत गेलेल्या मुलाचा पहिला तोटा घराला इथे जाणवतो.

सकाळी आठ

हत्यार साफ करण्याची वेळ. बंदुकीच्या नळीतून दोरी ओढायची, दोरीच्या टोकाला तेलात भिजवलेली चिंधी. नळीत डोळा घालून आकाशाकडे बघायचं. आत धुळीचा एक कण दिसला तरी पुन्हा पहिल्यापासून. इथली उन्हाळी धूळ पांढरी आणि पिठासारखी बारीक, ब्रेन गनच्या मॅगझिनमध्ये शिरली की गोळी अडकते. म्हणून तो एकेक गोळी बाहेर काढतो, पुसतो, पुन्हा भरतो, आणि अठ्ठावीसवर थांबतो. मॅगझिन तीस गोळ्यांचं असलं तरी पूर्ण भरलं की स्प्रिंग दमते, हे बेळगावच्या उस्तादांनी रंगरूट असताना शिकवलेलं.

नंतर पायांची तपासणी. हवालदारसाहेब बोटांच्या बेचक्या बघतात, फोड आला असेल तर औषध लावायला पाठवतात. डोंगरातल्या लढाईत पायच पलटणीला पुढे नेतात. आणि पायाखाली सुरुंग आहेत. जर्मनांनी लाकडी खोक्यांतले सुरुंग पेरून ठेवले आहेत. लोखंड नसल्यासारखंच, त्यामुळे यंत्राला सापडत नाहीत. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला डोंगर नवा नाही. पायवाट सोडून चालायला भ्यावं लागतं, हे नवं आहे.

सकाळी दहा

चौघांची पाळी पाण्यावर. टेकडीच्या पोटात एक शेतघर आहे, तिथे विहीर. घराचा म्हातारा पांढऱ्या, उंच बैलांच्या जोडीला दावणीला बांधतो आहे. शिपाई बैलांकडे बघत उभा राहतो. म्हाताऱ्याला ते कळतं. शिपाई बैलाच्या वशिंडाच्या जागी हात ठेवतो आणि आमच्याकडच्या बैलांना इथे उंचवटा असतो, असं खुणेने दाखवतो. दोघांना एकमेकांचा एक शब्द येत नाही, तरी दात बघून बैलाचं वय सांगायला शब्द लागत नाहीत.

या मुलखात गव्हाची कापणी झालेली आहे. रास खळ्यावर आहे आणि तिचा अर्धा भाग जमीनमालकाचा आहे. उंब्रिया आणि टस्कनीत अर्धेलीची ही पद्धत कित्येक शतकं चालत आलेली होती. जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पिकाचे दोन वाटे. कुलाबा जिल्ह्यातल्या शिपायाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खोताचा आणि सावकाराचा वाटा त्याने लहानपणापासून खळ्यावरून उचलला जाताना पाहिला होता. त्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी कसायला नकार दिला होता. शिपायांच्या भरतीमागे जे कारण होतं ते बहुतांशी हेच: एवढ्याशा भातशेतीत वर्ष निघत नव्हतं. पहिल्या मुलाने जमीन बघायची, दुसऱ्याने मुंबईची गिरणी किंवा पलटण धरायची, ही घराघरातली वाटणी होती.

महार समाजातल्या तरुणांना तर ही वाटसुद्धा भांडून मिळवावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने त्यांची भरती बंद केली होती. कोकणातल्या जुन्या फौजी घराण्यांचा तो मोठा अपमान होता. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात. त्याही भरतीत कोकणातली मुलं होती, आणि १९४४च्या या जुलैत त्यांच्याही घरी लावणीच चालू होती.

दुपारी एक

टपाल. फील्ड पोस्ट ऑफिसची थैली रसदीबरोबर पुढे येते. पत्रावर गावाचं नाव चालत नाही. पलटणीचा पत्ता म्हणजे सैनिकाचा नंबर, नाव, रेजिमेंट आणि सी.एम.एफ. ही तीन अक्षरं. सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्स. खालापूरच्या टपालपेटीत पडलेलं पत्र या तीन अक्षरांवर इटलीतल्या टेकडीपर्यंत पोचतं.

त्याच्या पत्रातलं अक्षर गुरुजींचं आहे. वडील सांगतात, गुरुजी लिहितात. आरंभी आशीर्वाद, मग खुशाली, मग कामाचं. पाऊस वेळेवर लागला. वासराला खोकला झाला होता, आता बरा आहे. रॉकेल मिळत नाही, कापड मिळत नाही, तांदळाचा भाव विचारू नये. मुंबईत रेशन सुरू झाल्यापासून भाताचा हिशेब सरकार मागतं. तुझी मनिऑर्डर पोचली, त्यातून सावकाराला व्याज दिलं. बायकोचं नाव पत्रात कुठेच नाही. ‘घरची सर्व मंडळी सुखरूप’ या चार शब्दांत ती आहे, आणि तो ते चार शब्द सर्वांत जास्त वेळा वाचतो.

फौजेने सैनिकांची पत्रं वाचण्यासाठी सेन्सॉरचं खातं ठेवलं होतं आणि त्या पत्रांचे गोषवारे वरिष्ठांकडे जात. १९४३च्या बंगालच्या दुष्काळानंतर त्या गोषवाऱ्यांत एकच सूर वारंवार ऐकू येतो: इथे आम्हाला पोटभर मिळतं, घरचे काय खात असतील? समोरच्या तोफांपेक्षा ही काळजी शिपायाला जास्त पोखरत होती, हे सरकारी कागदच सांगतात.

काही गोष्टी पत्रात येत नसत. रजेवरून परतलेला गडी त्या कानाशी सांगे. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी कर्जत-मुरबाडच्या रानात आझाद दस्ता उभा केला, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. ज्या सरकारचा गणवेश अंगावर आहे, त्याच सरकारच्या पोलिसांनी आपल्या तालुक्यातल्या माणसाला मारलं, हे ऐकून शिपायाच्या मनात काय झालं असेल? कोतवालांनी सावकारीने पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी चालवली होती. शिपाई त्याच सावकाराचं व्याज पलटणीच्या पगारातून फेडत होता. दोघांचं दुखणं एकाच मातीतलं होतं. एकाने सरकारशी झुंज घेतली, दुसऱ्याने सरकारचा पगार घेऊन घर तगवलं. मला या दोघांत वैर दिसत नाही. दोघांना एकाच तालुक्याच्या इतिहासात मानाने बसवता आलं पाहिजे.

दुपारी साडेतीन

उत्तर लिहायचं. ऊन टेकडीवर आदळतं आहे, समोरून अधूनमधून उखळी तोफेचा गोळा येतो. संगरीच्या सावलीत बसून, मांडीवर डब्याचं झाकण ठेवून तो लिहितो. गावात चौथी झालेली, म्हणून बालबोध अक्षर लिहिता येतं. बाकीचं वाचन-लेखन पलटणीत शिकला, तेही रोमन लिपीतली उर्दू. बाजूचा गडी लिहिता न येणारा, त्याचंही पत्र हाच लिहितो.

सुरुवात ठरलेली: तीर्थरूप दादांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मग काय लिहायचं? कुठे आहे हे लिहायचं नाही, कोण मेलं हे लिहायचं नाही, उद्या काय होणार हे ठाऊक नाही. उरतं ते शेत. वरकस जमिनीत नाचणी टाकली का? खालच्या खाचराचा बांध गेल्या साली फुटला होता, तो घातला का? बैलाला लावणीनंतर विश्रांती द्या. चार हजार मैलांवरून तो शेताची देखभाल करतो. त्याचं निम्मं पत्र म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाने सकाळी ओटीवर उभं राहून सांगितलेली कामं आहेत.

पैशाचा हिशेब वेगळा. युद्धाच्या सुरुवातीला साध्या शिपायाचा मूळ पगार महिन्याला सोळा रुपयांच्या आसपास होता, पुढे त्यात थोडी वाढ आणि परदेशातला भत्ता पडला. त्यातला मोठा भाग परस्पर घरी जावा अशी सोय पलटण करून देई. दर महिन्याला पोस्टमन आला की गावाला कळे, मुलगा जिवंत आहे. आणि पोस्टमनच्या हातात मनिऑर्डरऐवजी तार दिसली की बायका चुलीपासून उठून ओटीवर येत. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा याच रेजिमेंटची दुसरी पलटण शत्रूच्या हाती सापडली होती. त्या वेळी ‘बेपत्ता’ एवढाच शब्द असलेले निरोप गावोगाव आले, आणि मुलगा कैदेत आहे की गेला हे कळेपर्यंत घरांनी दिवस कसे काढले ते त्यांनाच माहीत.

संध्याकाळी सात

खेचरं वर येतात. मोटार जात नाही तिथे रसद खेचरावरून येते, आणि शत्रूला धूळ दिसू नये म्हणून उन्हं कलल्यावरच. दोन बाजूंना पाण्याच्या पखाली, वर गोळ्यांच्या पेट्या आणि लंगरातून आलेले डबे. चपात्या, डाळ, कधी मटण. कोकणातल्या माणसाला भात हवा, पण भात टेकडीवर येईतो गिचका होतो. चपाती थंड झाली तरी टिकते आणि खिशात घालून चढाईला नेता येते. म्हणून भात मागच्या तळावर, पुढे चपाती. चार मराठे एका डब्याभोवती बसतात. सातारचा गडी तिखट कमी म्हणतो, कोकणातला गडी सुकट असती तर म्हणतो, आणि दोघंही जेवून उठतात.

घरी या वेळी रात्र चढलेली आहे. दिवसभर चिखलात उभं राहून पाय पांढरे पडलेली माणसं चुलीच्या उबेला बसून, जेवून, आडवी झालेली आहेत. रॉकेल नाही, त्यामुळे दिवाही लवकर विझतो.

रात्री नऊ

पुन्हा ‘स्टँड टू’. याच दिवसांत एक बातमी एका संगरीतून दुसरीत गेली. १० जुलैला पलटणीच्या एका कंपनीने चढाई केली. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगन सुटली आणि घाडग्यांखेरीज तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. ते एकटेच धावत गेले. हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि तिचा चालक गार केला, मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केलं. ठाणं घेतलं आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. जिल्हा कुलाबा.

जिल्ह्याचं नाव ऐकून आपला शिपाई ताठ बसतो. पळसगाव त्याच्या गावापासून चालत दोन-तीन दिवसांवर. तिथेही लावणी चालू असणार. या पराक्रमासाठी घाडग्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर पहिल्या पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली, ठाणी एकट्याने मोडली आणि बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते परत आले.

रात्री बारा

पहाऱ्याची पाळी. दोन तास डोळे उघडे, दोन तास मिटलेले. पौर्णिमा ६ जुलैला झाली, त्यामुळे चंद्र उशिरा उगवतो आणि पहिला प्रहर पूर्ण अंधाराचा असतो. कान देऊन ऐकायचं: दगड घरंगळला का, धातूवर धातू लागला का. याच अंधारात घरी पहाट व्हायला आली आहे. आई उठते, चूल पेटवते. त्याचा दिवस संपत नाही तोवर घरचा पुढचा दिवस सुरू होतो.

आणि त्यानंतर

इटलीत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले. २३,७२२ मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यातले ५,७८२ मृत्यू. इटलीतल्या लढाईत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. माणगावात त्यांचा पुतळा आहे. ज्यांना पदक मिळालं त्यांना आपण आठवतो, ते योग्यच आहे.

पण घरी परतलेला आपला शिपाई कुठे आहे? युद्ध संपल्यावर फौज कमी झाली, तो गावी आला आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नांगरामागे उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर परक्या राजाच्या फौजेतली नोकरी अभिमानाने सांगायची सोय राहिली नाही, म्हणून तो फार बोलला नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याने तालुक्याच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं. कर्जत-खालापूरने ते भरायला हवं. हा माणूस साम्राज्यासाठी भुकेला नव्हता. घराच्या भाकरीसाठी तो जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला, फॅसिस्ट राजवटीखालचा एक देश मोकळा करण्यात त्याचा हात लागला, आणि त्याचा पगार इथल्या जमिनी सावकाराच्या तावडीतून सोडवत राहिला.

काम अवघड नाही. आजोबांच्या ट्रंकेत डिस्चार्जचा कागद असतो, त्यावर नंबर आणि पलटण लिहिलेली असते. एखादी लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल फीत सापडली तर ती इटली स्टारची. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत मृतांची नावं शोधता येतात आणि बऱ्याच नावांपुढे वडिलांचं नाव, गाव आणि ‘कुलाबा’ असं लिहिलेलं सापडतं. फोर्ली, सांग्रो आणि कसिनो इथल्या स्मारकांवर ती नावं कोरलेली आहेत. गावच्या शाळेने एक वही घालावी, मुलांनी घराघरातून नंबर, पलटण, सालं आणि ऐकलेल्या हकिकती उतरवून घ्याव्यात, आणि ती वही ग्रामपंचायतीने, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने जपावी. त्या पिढीतले जवळजवळ सगळे गेले. आता उरलेत ते त्यांच्या मुलांना आठवणारे तुकडे आणि ट्रंकेतले कागद. आपल्याकडच्या पावसात कागद फार टिकत नाही, म्हणून ही वही याच वर्षी सुरू व्हावी.